'रा'ने घेतलेली फिरकी

फारसी शिकायला बसले तेव्हा वाटलं, क्रियापद शेवटी, म्हणजे घरचंच प्रकरण. 'मन केताब रा खांदम': मी पुस्तक वाचलं. शब्दाला शब्द बसतो! मग त्या 'रा'ने छळलं. मी तो दिसेल त्या कर्माला चिकटवत सुटले. तो लागतो ठरावीक, माहितीतल्या कर्माला. नुसतं पुस्तकवाचन केलं असेल, तर 'केताब खांदम' पुरतं.

लिंगाची कटकट नाही. 'ऊ' म्हणजे तो आणि तीही. 'रफ्तम' म्हणजे गेलो की गेले, बोलणाऱ्यालाच ठाऊक. (मराठी शिकणाऱ्यांची दया आली.)

डोकं उलटं चालवावं लागतं ते 'केताब-ए मन'ला: पुस्तक आधी, माझं नंतर. त्यात मधला 'ए' बहुतेकदा लिहीतच नाहीत, वाचताना आपणच ओळखायचा. मी अजून अडखळते.