माशानं थुंकलेला मोती

मालवणला पर्यटकांना स्कूबासाठी समुद्रात उतरवायचं माझं काम. सासूबाई बोटीत चढल्या तेव्हाच तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. नवरा-नवरी असतात तेव्हा काम सोपं असतं. सोबत सासू असली की दागिन्यांवरून वाद ठरलेला.

लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते. नवरीच्या हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, पायात पैंजण नि जोडवी, आणि नाकात चमकी. मंडळी कोल्हापूरकडची. फेब्रुवारीचा शेवट, पाणी त्या मानानं स्वच्छ. किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडकाळ भागात आम्ही लोकांना उतरवतो, तिथं तळ दिसत होता. असे दिवस मालवणात मोजकेच मिळतात.

"ताई, दागिने सगळे काढून ठेवा," मी म्हटलं.

"मंगळसूत्र काढणार न्हाई ती," उत्तर सासूबाईंकडून आलं. "आणि चुडा तर न्हाईच न्हाई. अजून जत्रा-जेजुरी व्हायचीय आमची."

माझी नेहमीची कारणं मी सांगून टाकली. पाण्यात बोटांची कातडी सुरकुतते, बोट आकसतं, अंगठी कधी निसटली ते कळतसुद्धा नाही. लोंबतं कानातलं मास्कच्या पट्ट्यात अडकतं आणि मास्कमध्ये पाणी शिरतं. ही कारणं लोकांना पटतात. चकाकत्या वस्तूला मासे टोचतात म्हटलं की हसतात, म्हणून ते हल्ली मी सांगतच नाही. खरं तर मला ते सगळ्यात आधी ठाऊक झालेलं कारण. बाबा गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जायचे तेव्हा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गरीच्या वर गुंडाळायचे. जखमी तारली पाण्यात कलंडते, तेव्हा तिचं पोट असंच लकाकतं. सुरमई काय, टोळ काय, त्या लकाकीवर आधी झेप घेणार, काय आहे ते नंतर बघणार. बॅराकुडा म्हणून धारदार दातांचा शिकारी मासा असतो, त्याचं तेच. जगभर डायव्हर लोकांना चांदीच्या साखळ्या नि चकचकीत घड्याळं काढून ठेवायला सांगतात, त्याचं हेही एक कारण. आमच्याकडं उथळ पाण्यात मोठा बॅराकुडा क्वचित दिसतो, त्यामुळं मी निर्धास्त.

शेवटी तोडगा निघाला. पैंजण, अंगठ्या नवऱ्याच्या रुमालात गेल्या. मंगळसूत्र वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या रबरी सूटच्या आत, सूटची चेन गळ्यापर्यंत ओढून. चुड्यावर मी हार मानली. वेटसूटच्या बाह्या कोपरापर्यंतच होत्या. तांडेल ओरडत होता, "रे, वारो सुटलो काय पाणी गढूळ होतला. किती येळ लावतस?" कानांवर तिचे केस होते, आणि मी ते बाजूला करून बघितलं नाही. चूक तिथं झाली.

नवखा माणूस उतरवताना आम्ही मागून त्याच्या सिलिंडरचा वरचा भाग धरून ठेवतो. त्याला पोहायचं नसतं, फक्त तोंडानं श्वास घ्यायचा आणि खुणा करायच्या. ती छान उतरली. दोन मीटरवर नाक दाबून, फुंकून कान मोकळे केले, चारवर पुन्हा केले. सहा मीटरवर तळाशी गुडघे टेकले. तांबडा रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो, त्यामुळं तिच्या नखांवरचं लाल पॉलिश चॉकलेटी झालं होतं, पण चुडा मात्र हिरवागार. वरून लाटांची जाळीदार उन्हं हलत होती आणि प्रत्येक बांगडीवरून एकेक तिरीप फिरत होती. मला स्वतःलाच बघत राहावंसं वाटलं.

मग आमच्या कॅमेरावाल्या पोरानं बाटली उघडली.

हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बाटलीत भिजवलेला पाव असतो. बाटली दाबली की पांढरे कण बाहेर येतात आणि सार्जंट मासे तुटून पडतात. पाठ पिवळी, अंगावर पाच काळे पट्टे, तळहाताएवढा मासा. फोटोत दिसणारी ती माशांची गर्दी अशी जमवलेली असते. हा सगळा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. लहानपणी आमच्या घरात त्या नावानं बोटं मोडली जायची, कारण मासेमारी बंद होईल ही भीती. बाबा जाळं टाकतील म्हणून ज्यांना धास्ती होती, त्यांच्या नाकावर टिच्चून मुलगा आता तिथं पाव टाकतो.

अर्ध्या मिनिटात तिच्याभोवती पिवळा ढग झाला. ती खूश. आणि एकदम तिचा हात उजव्या कानावर गेला.

आमच्या भाषेत कानावर बोट म्हणजे कान दुखतोय. मी तिला मीटरभर वर घेतलं, नाक दाबून फुंकायची खूण केली. तिनं जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा कान धरला. मी अजून थोडं वर घेतलं. मासेही आमच्यासोबत वर आले, तेव्हा कुठं मला शंका आली. मी पुढं वळून तिचे केस बाजूला केले. एक सार्जंट तिच्या कानाला लटकला होता. अक्षरशः लटकला होता, शेपटी मारत, मागं खेचत.

कानात मोत्याच्या कुड्या होत्या.

पांढरे, बारीक, गोल. केसांत दोन-तीन पावाचे कण अडकलेले आणि त्यांच्यात ते मोती. माशाला काय फरक कळणार? चकाकीचा इथं संबंधच नव्हता. महिनोन्‌महिने आम्हीच त्यांना शिकवलं होतं की माणसाजवळचं पांढरं, बारीक ते खायचं.

मी हातानं हुसकावलं तसा मासा सुटला आणि त्याच्यासोबत कुडीतला एक मोती सुटला. तेवढ्यात तिनं घाबरून हात झटकला, तो खडकावर आपटला. काचेचा आवाज पाण्यात वेगळाच येतो, कुठून आला ते कळत नाही, डोक्याच्या आतच वाजल्यासारखा. दोन बांगड्या फुटल्या. मनगटातून तपकिरी धुराची एक रेघ निघाली. श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातच राहिला हे नशीब. मी तिला धरून सावकाश वर आणू लागलो, आणि वर येताना नजर खाली गेली.

तो मोती खाली चालला होता. एका सार्जंटनं झडप घालून तो तोंडात घेतला, थुंकला. दुसऱ्यानं घेतला, थुंकला. तिसऱ्यानं तोच प्रकार. माशाला हात नसतात, वस्तू तपासायची तर तोंडातच घ्यावी लागते. पाच-सहा जणांनी तपासून झाल्यावर मोती खडकाच्या फटीत दिसेनासा झाला.

बोटीवर जखम धुतली, पट्टी बांधली. फार खोल नव्हती. नवरीचं म्हणणं एवढंच, की खाली ती हसत होती ते व्हिडिओत आलंय ना. सासूबाई मात्र कुडी तळहातावर घेऊन बसल्या होत्या. गुलाबी खड्याच्या बाजूला मोत्याची जागा रिकामी, तार तेवढी वाकून वर आलेली.

"माझ्या आईच्या हायत ह्या," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पुन्हा उतरलो. एकटाच नाही, तो कॅमेरावाला पोरगाही आला, बाटली वर ठेवून. पाव नसल्यामुळं मासे पांगले होते. पाऊण तास आम्ही फटी चाचपत होतो. मोती मिळाला नाही. मिळालं ते असं: केसांची क्लिप, एक जोडवं, मुलामा उडालेली इमिटेशनची अंगठी आणि काचेचे तुकडे. आजचे दोन बांगड्यांचे तर होतेच, पण लाल नि पिवळेही होते, कडा घासून गुळगुळीत झालेले. म्हणजे कित्येक हंगामांचे.

एका सपाट खडकावर जांभळट गालिचा पसरल्यासारखा दिसला. जवळ गेलो तर सार्जंटची अंडी. त्यांच्यात राखण नर करतो आणि त्या काळात त्याचा रंग निळसर पडतो. हा नर निळा पडलेला होता आणि अंड्यांच्या मधोमध हिरव्या काचेचा तुकडा पडला होता, करंगळीच्या नखाएवढा. त्यानं तो तोंडात धरला, हातभर लांब नेला, पण वजन पेलवेना, टाकला. तुकडा उताराला पुन्हा घरंगळत अंड्यांच्या कडेला आला. त्यानं पुन्हा उचलला. तो तिकडं गेला रे गेला की तीन-चार मासे खालून येऊन अंडी खात होते, त्यांत त्याचेच जातभाई. तो परत येऊन त्यांना पळवायचा आणि पुन्हा काचेकडं वळायचा. मी दोनदा हात पुढं केला तर मलाच चावला. तिसऱ्यांदा तुकडा उचलला आणि ग्लोव्हजमध्ये घातला.

नंतर वाचनात आलं, की २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉरफोक बेटापाशी एका माशाच्या अंगात लग्नाची सोन्याची अंगठी अडकलेली दिसली होती. आपल्या बोयटाच्या जातीचाच मासा. वाळूत तोंड खुपसून खायची त्याची सवय, खुपसलं ते अंगठीतच. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या खाडीत बोयटं काही थोडी नाहीत, आणि अंगठी हरवली म्हणून रडणारी जोडपी तर दर हंगामाला असतात.

बाटली मी त्या दिवसापासून बंद केली. त्याचे पैसे मोजतो आहे. शेजारच्या बोटीवर "माशांसोबत फोटो गॅरंटी" असा बोर्ड आहे, आमच्याकडं तो नाही, आणि मालकाचा रोज एक टोमणा असतो. उतरायच्या आधी आता केस वर बांधून कान बघतो. चुड्यावर रबराचा लांब हातमोजा चढवतो, त्यावर अजून कुठल्या सासूनं हरकत घेतलेली नाही.

आठ दिवसांनी नवरीचा फोन आला. व्हिडिओत मोती थुंकतानाचा भाग कापला होता, तो हवा म्हणाली. मी म्हटलं पाठवतो, पण कशाला?

"दादा, सासूबाई विचारतायत, एवढ्या माशांनी थुंकला म्हणजे मोती खरा नव्हता का?"

मी खूप वेळ हसलो. मग म्हटलं, त्यांना सांगा, पाव नव्हता म्हणून थुंकला. ती हे मागं वळून मोठ्यानं सांगताना ऐकू आली, आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मग त्याला म्हणावं, पुढच्या वेळी पाव द्या आणि मोती परत घ्या."