काभ्रेतले तीन आठवडे : पुढे जाणाऱ्या बी.एड.च्या मैत्रिणींसाठी

नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये मी नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यात, धुलिखेलच्या पुढच्या एका सरकारी शाळेत तीन आठवडे शिकवून आले. यंदा आमच्या कॉलेजातल्या काहीजणी जायचं म्हणताहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच दाखवावं लागतं. आधार चालत नाही. शाळेचं पत्र नीट वाचा, त्यावरची तारीख विक्रम संवताची असते. माझ्या पत्रावर ‘मंसिर २०८१’ होतं. तो महिना आपल्या नोव्हेंबरच्या मध्याला लागतो, हे मी तिकीट काढल्यावर शोधलं आणि ते बदलून घ्यावं लागलं. मी गेले तेव्हा सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा भरायची. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. दुकानदार सांगतो तो भाव ‘आयसी’ म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी, हे आधी विचारा. बी.एड.च्या २० आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये हे दिवस धरणार का, तेही कॉलेजकडून लेखी घ्या. माझे धरले नाहीत.

लिपी देवनागरीच, त्यामुळे मला वाटलं होतं की सोपं जाईल. नेपाळीचं पुस्तक मी पहिल्याच दिवशी घडाघडा वाचलं, अर्थ मात्र अर्धाच लागला. दुसरीतल्या एका मुलीचं तसंच होतं. फळ्यावरचं ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची आणि अर्थ विचारला की मान खाली. तिच्या घरी तामाङ बोलतात. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत १२४ मातृभाषांची नोंद आहे, पण या मुलांच्या हातातलं पुस्तक नेपाळीच.

वर्गाच्या मिस स्वतः तामाङ. माझी पाठ टाचणं, म्हणजे धडे शिकवायचे आराखडे, बाजूला ठेवून आम्ही दोघी रोज शाळा सुटल्यावर शब्दकार्डं करत बसायचो. चित्र मी काढायचे, खाली तामाङ आणि नेपाळी शब्द त्या लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी उभी राहिली आणि गोष्टीत काय झालं ते तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. मिसनी तिला मधे एकदाही थांबवलं नाही.

प्रोजेक्टच्या फाइलीत आपण सगळ्याच संयुक्त राष्ट्रांची २०१५ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं लिहितो. त्यातलं चौथं शिक्षणाचं. त्याच्या ‘४.सी’ या भागात विकसनशील देशांत पात्र शिक्षक वाढवायचं म्हटलंय, त्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणात देशादेशांनी एकमेकांना साथ द्यायची. तीन आठवड्यांच्या पाहुणीने त्या संख्येत भर पडत नाही. तुम्ही वर्ग ताब्यात घेतलात आणि तिथल्या शिक्षिका स्टाफरूममध्ये बसून राहिल्या, तर माझ्या मते तुमचं जाणं फुकट. त्यांच्या शेजारी बसून काम करा. पैसे घेऊन अनाथाश्रमात ‘शिकवायला’ नेणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका; नेपाळमध्ये आईबाप असलेली मुलंही अशा ठिकाणी आणून ठेवल्याचं उघड झालंय.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. त्यात नेपाळी नाही. परत आल्यावर अंधेरीतल्या माझ्या सराव शाळेत तिसऱ्या बाकावरच्या मुलाकडे मी नव्याने पाहिलं. वडील वॉचमन, जूनपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी जवळ जाऊन विचारलं, “तिम्रो नाम के हो?”

त्याने नाव सांगितलं. मग बहिणीचं, मग गावाचं, एका दमात. दुसऱ्या दिवशी मी कोरी कार्डं घेऊन गेले.