भूल म्हणजे भूलभुलैया का?

लेकाच्या ऑपरेशनची तारीख ठरली त्या रात्रीही मी घड्याळ घेऊन त्याच्या उशाशी बसलो होतो. त्यात नवीन काही नव्हतं, गेले सात-आठ महिने हेच चाललं होतं. पोरगं पाच वर्षांचं, पण घोरणं साठीच्या माणसाचं. घोरता घोरता आवाज मध्येच बंद व्हायचा. छाती वरखाली व्हायची, पण हवा आत जायची नाही. मी मनात आकडे मोजायचो. सहा, सात, कधी नऊ. मग तो एक हिसका द्यायचा, कूस बदलायचा आणि घोरणं पुन्हा सुरू. नाकाच्या मागच्या बाजूला अ‍ॅडिनॉइड नावाची मऊ गाठ असते. याची ती इतकी वाढली होती की नाकाने श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. ती काढायची होती, आणि त्याबद्दल माझी काहीच हरकत नव्हती. जीव टांगणीला लागला होता तो भुलीपायी. ज्या पोराचा एकेक श्वास मी रात्र रात्र मोजतो, त्याचं श्वास घेणंच कुणा अनोळखी माणसाच्या हवाली करायचं!

ज्याला सांगावं तो म्हणायचा, "अरे, काही होत नाही." बायको म्हणाली, "तू निदान त्याच्यासमोर तरी चेहरा सरळ ठेव." काही होत नाही, हे वाक्य माझ्या भीतीला कधीच पुरलं नाही. काही होत नाही, तर संमतीपत्रावर एवढ्या बारीक अक्षरात छापलंय ते काय?

रात्री दोन वाजता मोबाइलवर असलं काही वाचायला बसू नये हे मला कळतं. तरी बसलो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा २०१६ मधला इशारा सापडला. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार भूल दिली, तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा. माझं पोर पाच वर्षांचं, भूल एकदाच, तीही थोड्या वेळाची. म्हणजे इशारा आम्हाला लागूच नव्हता. पण रात्री दोनला माणूस 'मेंदू' एवढाच शब्द वाचतो. दुसऱ्या दिवशी उजेडात २०१९ मध्ये आलेले एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष वाचले. सात देशांतली सातशेहून जास्त तान्ही बाळं, सगळ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. काहींना पूर्ण भूल, काहींचा नुसता कमरेखालचा भाग बधिर केलेला. पाच वर्षांची झाल्यावर बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तर दोन्ही गटांत फरक नाही. पूर्ण भुलीचा वेळ साधारण तासाभराच्या आतला होता. हे आधी वाचलं असतं तर एक रात्र वाचली असती.

पण माझा खरा धीर वाढला तो भूलतज्ज्ञ मॅडमना भेटल्यावर. या बाईंनी एकदाही "काही होत नाही" म्हटलं नाही. प्रश्नच विचारत राहिल्या. वजन किती? दमा आहे? कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? एखादा दात हलतोय का? रात्री श्वास अडकतो म्हणता, तो किती वेळ? इथे मी माझी वही पुढे केली. बायकोने कपाळाला हात लावला, पण मॅडमनी ती वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.

मग विचारलं, घरात कुणाला कधी भुलीचा त्रास झाला होता का? क्वचित एखाद्या घराण्यात अशी गोष्ट आनुवंशिक असते की भुलीच्या काही औषधांनी स्नायू आखडतात आणि अंगाचा ताप भडकतो. आधी ठाऊक असलं की ती औषधं टाळता येतात. मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, काकांना काहीतरी झालं होतं बाई. काकांना फोन केला. काकांनी आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कहाणी पहिल्या दिवसापासून सुरू केली. तब्बल चाळीस मिनिटांनी निष्पन्न काय झालं, तर शुद्धीवर आल्यावर मळमळलं होतं.

मॅडमचं एक वाक्य मी अजून विसरलो नाही. म्हणाल्या, "तुम्ही घड्याळ लावून जे मोजता, तेच आम्ही करतो. फक्त पडद्यावर. प्रत्येक उच्छ्वासाचा आलेख दिसतो मला. आणि मी उठून कुठे जात नाही."

लेक तोवर कोपऱ्यात खेळण्यातल्या हत्तीला उलटं टांगत होता. त्याने एकदम विचारलं, "भूल म्हणजे भूलभुलैया का?"

त्याच्या कोड्यांच्या पुस्तकात ते असतं. ससा एका टोकाला, त्याचं बीळ दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सगळ्या वाकड्यातिकड्या वाटा. हा पेन्सिल घेऊन शिरतो आणि दर वेळी अडकून रडतो. म्हणजे भूल देणार हे ऐकल्यापासून पोराच्या डोक्यात हे चाललं होतं तर! आम्ही दोघं एकदमच "नाही रे, नाही रे" म्हणायला लागलो. मॅडमनी हातानेच आम्हाला थांबवलं.

"थोडीशी तशीच," त्या म्हणाल्या. "पण त्यात तू एकटा नसतोस. मी पूर्ण वेळ तुझ्या डोक्याशी बसलेली असते. रस्ता मला माहितेय. औषध बंद केलं, की मी तुला बाहेर आणते."

"आणि हत्तीला?"

"त्यालाही."

आम्हाला बाहेर बोलावून त्यांनी एक बारीकशी सूचना केली. "झोपवणार" एवढंच म्हणू नका, "औषधाची झोप" म्हणा. रात्रीच्या झोपेत चिमटा काढला तर जाग येते, या झोपेत येत नाही, हेही त्याला सांगा. नाहीतर पुढे घरी झोपायलाच घाबरतात काही मुलं.

इतर मुलांना आधी गुंगीचं गोड-कडू औषध पाजतात, मग मूल हसतखेळत आत जातं, असं मी ऐकून होतो आणि त्यावर माझी फार भिस्त होती. पण ज्यांचा श्वास झोपेत अडकतो त्यांना असलं औषध फार जपून द्यावं लागतं. मॅडम म्हणाल्या, याला देणार नाही. त्यापेक्षा मास्कची सवय करा. एक रिकामा मास्क त्यांनी घरी दिला. आठवडाभर आमच्या घरात तेवढाच धंदा. आधी हत्तीला भूल, मग मला, मग आजीला व्हिडिओ कॉलवर. आत गेल्यावर मास्कच्या नळीला एक पिशवी असते, श्वासाबरोबर ती फुगते नि बसते. तो तुझा फुगा, असं त्याला सांगून ठेवलं.

मला मात्र त्यांनी वेगळंच सांगून ठेवलं. ते कुणी सांगितलं नसतं, तर मी तिथेच कोसळलो असतो. "मास्क लावल्यावर मिनिटभरात त्याचे डोळे फिरतील. हातपाय झाडेल. घोरण्यासारखा मोठा आवाज येईल. तुम्हाला वाटेल, तो झगडतोय. त्या वेळी त्याला काहीही कळत नसतं. मग एकदम सैल पडेल. तेव्हा पापी घ्या आणि निघा. रेंगाळू नका, मला काम असतं." भुलीचे टप्पे असतात आणि हा त्यातला दुसरा, हे नंतर वाचलं. ईथरच्या काळात आर्थर गुडेल नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने चार टप्पे लिहून ठेवले होते. आजच्या औषधांनी दुसरा टप्पा झटकन सरतो, पण सरायच्या आत बापाला दिसतो.

पहिली तारीख हुकली. आदल्या दिवशी अंगात ताप आणि छातीत घरघर. खोटं कशाला बोलू, फोनवर सांगू नये असं मला क्षणभर वाटलं होतं. इतकी तयारी, रजा, सगळं वाया जाणार. आणि याचं नाक तर बारा महिने वाहतं, त्यातली सर्दी कुठली धरायची? ती धरतात तापावरून आणि छातीवरून. सर्दी-खोकल्यात श्वासाची वाट चिडलेली असते, भूल देताना स्वरयंत्र आवळून बसू शकतं, आणि ही चिडचिड बरं वाटल्यावरही दोन-तीन आठवडे राहते. मॅडम रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललात," म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. भीती टळली म्हणून, की खरं बोललो म्हणून, ते विचारू नका.

उपाशी ठेवण्याचं मला सगळ्यात अवघड वाटलं होतं, ते सगळ्यात सोपं गेलं. जुना हिशेब सहा-चार-दोन असा आहे. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, पाणी दोन तास. भुलीत खोकला नि ठसका लागत नाही, त्यामुळे पोटातलं वर आलं तर फुफ्फुसात उतरू शकतं, म्हणून हे सगळं. दूध प्यायचं असलं तरी पोटाच्या लेखी ते जेवणच. आरपार दिसेल तेवढंच पाणी. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी २०२२ मध्ये मुलांसाठी पाण्याची मुदत एका तासावर आणली. आम्हाला मात्र दोन तास सांगितले होते, तेच पाळले. गजर लावून पहाटे पाणी पाजलं. आम्हीही काही खाल्लं नाही. पोराने तक्रारसुद्धा केली नाही, मलाच चक्कर यायला लागली.

आत एकालाच जाता येणार होतं. बायको शांत, म्हणून तिने जायचं ठरलं होतं. ऐन वेळी पोराने माझं बोट धरलं, कारण मास्कचा खेळ माझ्याबरोबर झाला होता. हिरवा गाऊन, टोपी, पायात पिशव्या. हत्तीच्या पायाला लेकासारखाच कागदी पट्टा. टेबलावर बसून त्याने स्वतः मास्क धरला. "वास येतोय," तो म्हणाला. मी म्हणालो, "फुगा बघ." फुगा एकदा फुगला, दोनदा, तीनदा. मग डोळे वर गेले. उजवा पाय टेबलावर आपटला. घशातून तो आवाज आला, रात्रीचा, ओळखीचा, पण दुप्पट. माझ्या कानात मॅडमचं वाक्य: त्याला काहीही कळत नाही. आणि मग माझ्या दंडावर त्याचं डोकं असं जड झालं, जसं कधीच झालं नव्हतं. पापी घेतली. निघालो.

दाराबाहेर उजवीकडे वळायचं होतं, मी डावीकडे वळलो. एक दार, त्यापुढे दुसरं, मग चादरींच्या गठ्ठ्यांची खोली, मग बंद लिफ्ट. कुठून आलो ते कळेना. पायातल्या पिशव्यांमुळे घसरत होतो. शेवटी एका मावशींनी दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. "नेहमीचंच आहे," म्हणाल्या, "बाबालोक इथेच चुकतात."

पस्तीस मिनिटं. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

जागं होताना मात्र घोळ झाला, आणि तो माझा. मॅडमनी मला नीट सांगितलं होतं की या वयाची काही मुलं, त्यातून नाक-घशाच्या ऑपरेशननंतर, शुद्धीवर येताना अक्षरशः पिसाळतात. ओळखत नाहीत, लाथा मारतात, अर्धा तासभर चालू शकतं. नंतर त्यांना आठवतही नाही. तशी वेळ आली तर पडू द्यायचं नाही, इजा होऊ द्यायची नाही आणि वाट बघायची. मी हे मनात घट्ट धरून ठेवलं होतं. पण बायकोला सांगायचंच राहिलं. ती शांत आहे, तिला काय सांगायचं! शुद्धीवर येताना तिला आत बोलावलं. पोराने तिच्याकडे पाहिलं आणि "तू नको! तू जा!" म्हणून किंचाळत हाताची सुई ओढायला लागला. वीस मिनिटं ती त्याला धरून बसली. मग तो झोपला, उठला आणि म्हणाला, "आई, हत्ती कुठाय?" आदलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं त्याला. तिला सगळं आठवत होतं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तू मला सांगितलं नाहीस." त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. अजून नाही.

घरी आल्यावर त्याला विचारलं, मास्कचा वास कसला होता रे? "स्केचपेनचा. जुन्या." आणि भूलभुलैया? "नव्हताच. मी फुगा बघत होतो, मग आई रडत होती."

सूज असेपर्यंत थोडं घोरेल असं सांगितलं होतं, तसा तो घोरला. सातव्या-आठव्या रात्री मी दचकून उठलो. खोलीत आवाजच नव्हता. अंधारात चाचपडत त्याच्या उशाशी गेलो आणि नाकाशी बोट धरायला हात पुढे केला, तर तिथे आधीच बायकोचा हात होता.