व्हेर्गिनाची थडगी

आज व्हेर्गिना पाहिलं! उत्तर ग्रीसमधलं हे लहानसं गाव म्हणजे प्राचीन मॅसिडोनिया राज्याची जुनी राजधानी, ऐगाई. संग्रहालय टेकाडाच्या पोटात आहे, थडगी जिथल्या तिथे. १९७७ साली पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना इथे न लुटलेलं थडगं सापडलं. बहुतेक अभ्यासक ते अलेक्झांडरच्या वडिलांचं, दुसऱ्या फिलिपचं मानतात. वाद अजून चालूच आहे. सोन्याची पेटी आणि ओकच्या पानांचा सोन्याचा मुकुट बघायला सगळे गर्दी करतात. मी मात्र खिळून राहिले ते कापडासमोर. सोनेरी-जांभळं, नक्षीदार. एका तरुण स्त्रीच्या अस्थी यात गुंडाळून ठेवल्या होत्या. दोन हजारांहून अधिक वर्षं कापड टिकावं? पोटात कालवलं अगदी. इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यात फिलिपचा खून झाला, ते नाट्यगृहही इथेच आहे. उद्या तिकडे जाणार.