दोआई : ४८६ पायऱ्यांचं स्टेशन

जपानला गेलेली माणसं फुजी बघतात, आम्ही दोआई बघितलं. म्हणजे हट्ट माझाच, मला रेल्वेचा नाद, आणि टोकियोत नोकरी करणारा मावसभाऊ बिचारा "दादा तिथं काय पण नाही" म्हणत म्हणत सोबत आला.

गुन्मा प्रांतात मिनाकामीच्या पुढं, जोएत्सु लाईनवर हे स्टेशन. गाडी बोगद्यात शिरली आणि बोगद्यातच थांबली, आम्ही उतरलो आणि गाडी निघून गेली, मग नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज. बाहेर कडक ऊन आणि आत स्वेटर लागेल असला गारठा. समोर सरळसोट जिना, ४६२ पायऱ्या, वरचं टोक दिसतंय पण जवळ काय येत नाही. ते संपलं की नदीवरनं जाणारा झाकलेला पूल आणि मग अजून २४ पायऱ्या. जोतिबाला पायी चढणाऱ्या गड्याला काय वाटणार म्हणत निघालो होतो, निम्म्यात बोलणं बंद झालं.

असं का बांधलं? १९३१ साली इथं पहिला शिमिझू बोगदा झाला, सिंगल लाईन, गाडी डोंगराला गोल वळसे घेत वर चढायची आणि मग बोगद्यात जायची. १९६७ ला दुसरी लाईन टाकताना वळशांची भानगड नको म्हणून खालनंच साडेतेरा किलोमीटरचा नवा बोगदा काढला. त्यामुळं डोंगरापलीकडच्या निगाताकडं जाणारी गाडी डोंगराच्या पोटात ७० मीटर खाली आणि टोकियोकडची वर उघड्यावर, स्टेशन मात्र एकच. १९८२ ला शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन वेगळ्या बोगद्यातनं पळायला लागली, इथल्या एक्सप्रेस हळूहळू गेल्या, आता दिवसाला एका बाजूच्या पाच-सहा गाड्या. स्टेशनमास्तर पण नाही. आमची मिरज पॅसेंजर वळीवडे, रुकडी, हातकणंगले करत भरत जाते तसलं इथं काय नाही, आमच्यासोबत उतरलेले सगळे जिना बघायलाच आलेले.

जिन्याच्या कडेला सरकत्या जिन्यासाठी जागा सोडलेली आहे, तो कधी बसलाच नाही. मला विचाराल तर लई बरं झालं, बसला असता तर इथं कुत्रं फिरकलं नसतं. गंमत म्हणजे वर कार लावून, खाली उतरून, फोटो काढून परत धापा टाकत चढणारे पण भेटले, आता त्यातनं रेल्वेला काय मिळत असेल देव जाणे.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून भावाला सांगत बसलो, आपली कोल्हापूर-वैभववाडी लाईन झाली की सह्याद्रीत असंच बोगद्यातलं एखादं स्टेशन काढायला पाहिजे, पावसाळ्यात काय गर्दी होईल. तो पाय चोळत म्हणाला, आधी लाईन होऊ दे, आणि स्टेशन काढलंच तर लिफ्ट लावायला सांग.