डाळिंब अधिक सा

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक खाकी पाकीट अंगावर पडलं आणि माझी दुपार तिथेच संपली. आवरायला बसलेल्याने काहीही उघडून वाचू नये, असा आईचा नियम. मी तो आजवर एकदाही पाळलेला नाही.

पाकिटात कात्रणांच्या झेरॉक्स. सगळ्या 'गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या, आणि एक सोडून सगळ्या नाताळातल्या. नेहमीच्या शब्दकोड्याच्या जवळजवळ दुप्पट आकाराची कोडी. इंग्लंडात डॉक्टरकी करणारा माझा आतेभाऊ दर डिसेंबरात एक प्रत स्वतःला ठेवायचा, एक मला पाठवायचा. पोचेपर्यंत संक्रांत उजाडलेली. मग फोनवर 'गोड बोला' राहायचं बाजूला आणि 'काय दादा, सात आडवं सुटलं का?' सुरू व्हायचं. तिकडे म्हणे जेवून सुस्तावलेल्या घरात हा मोठा चौकोन टेबलावर पडून असतो आणि येणारा-जाणारा एखादा शब्द भरून पुढे जातो. आपल्याकडे उघड्या फराळाच्या डब्याचं होतं, तसंच.

शब्दकोड्याची नाळ तशी नाताळाशीच. पहिलं कोडं छापून आलं २१ डिसेंबर १९१३ ला, 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत. रचणारा आर्थर विन, मूळचा लिव्हरपूलचा. आकार चौकोनी नव्हे, चक्क शंकरपाळीचा. पण ते साधं, सरळ कोडं होतं. आमच्या बाबांच्या दिवाळी अंकातल्यासारखं. हत्ती, अक्षरं दोन? गज.

बाबा कोडं पेनाने सोडवायचे. पेन्सिल हातात घेणं म्हणजे आधीच हार मानणं, असं त्यांचं मत. चुकलं की खाडाखोड नाही, सुधारणा. 'व'ची दांडी राखून पोटात रेघ मारली की 'ब', बाहेर गाठ काढली की 'क'. 'र'ला 'व' चिकटवून 'ख'. शेवटी त्या घरात इतकी शाई व्हायची की मागच्या पानावरच्या कथेतली एखादी नायिका डागाळायची.

क्रिप्टिकची, म्हणजे कूट शब्दकोड्याची, गोष्ट वेगळी. क्लू तोंडाने एक बोलतो आणि पोटात भलतंच ठेवतो, आपल्याकडच्या काही नातेवाइकांसारखा. आणि सणासुदीला तर जास्तच.

पाकिटातली कोडी अरौकेरियाची. खरं नाव जॉन ग्रॅहम, पेशाने पाद्री. अरौकेरिया हे झाडाचं नाव. इंग्रजीत त्यातल्या एकाला 'मंकी पझल' म्हणतात, म्हणून कोडी रचणाऱ्याने ते घेतलं. आपल्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत जे विकतात, ते बहुधा याच्याच कुळातलं. या पाद्रीबाबाची खासियत म्हणजे काही कोड्यांत क्लूंना आकडेच नाहीत, नुसती ए, बी, सी अशी अक्षरं. उत्तर काढायचं आणि ते कुठे बसतं तेही आपणच शोधायचं. एकदा त्याने मेंढपाळांच्या एका प्रसिद्ध नाताळगीताच्या सुरुवातीच्या दोन ओळी घेतल्या, सगळी अक्षरं विस्कटली आणि पुन्हा जुळवली, तर देवदूतच गातायत अशी ओळ तयार. एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

हे मराठीत का नाही, म्हणून मीही एकेका दिवाळीला हात मारून पाहिला. इंग्रजी अक्षरं कुरमुऱ्यांसारखी सुटी. आपली काना-मात्रा-वेलांटीला धरून बसलेली, चिक्कीतल्या शेंगदाण्यासारखी. ओढायला जावं तर तुकडाच पडतो. तरी काही निघालं, कंसात उत्तराची अक्षरं किती ते. 'विकता विकता विस्कटली, कवीच्या हाती लागली (३)'. 'रात्र उलटीसुलटी झाली, कमळ उमललं (३)'. फराळातले म्हणाल तर, 'चिमणीचं डोकं वड्यावर, ताटात कुरकुरतंय (३)' आणि 'भोलेनाथाचा नंबर लागला, कढईत सोडा (५)'. उत्तरं देणार नाही. दादाला पहिल्या वर्षी हेच पाठवले होते, तर म्हणाला, चिमणीचं डोकं कसलं, आपण शाकाहारी ना?

पाकिटातलं सगळ्यात खालचं कात्रण तेवढं नाताळचं नव्हतं. जानेवारी २०१३. चौकोनाच्या वर एक सूचना होती, की अरौकेरियाला १९ चा १८ उभा झाला आहे आणि १३, १५ ने उपचार चालू आहेत. म्हणजे बातमी कळायची तर कोडं सोडवायलाच हवं. अन्ननलिका. कॅन्सर. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे नुसत्या वेदना हलक्या करणारे उपचार. ९१ वर्षांचा माणूस, आणि त्याने हेही इतरांसारखंच, घरात अक्षरं बसवून सांगितलं. नोव्हेंबरात तो गेला. दादाने या प्रतीसोबत चिठ्ठी घातली नव्हती. मी १८ उभ्यात सहा अक्षरं पेन्सिलीने लिहिलेली दिसतात, अगदी फिकट, जणू कोणी बरोबर उत्तर सांगितलं तर खोडता येईल.

पाकीट परत वर ठेवलं. हात शिवशिवत होतेच. यंदाचा एक क्लू दादाला पाठवला आणि पाठोपाठ आत्यालाही. 'डाळिंबाला पहिला सूर लावला, तुपात हसू नकोस म्हणावं (४)'. अनार, त्याला सा. मला स्वतःवरच खूश व्हायला झालं. दादाचं उत्तर अजून नाही. आत्याचा दोन मिनिटांत फोन.

"अगं, तुपात हसतो तो अनारसाच की. त्यात कोडं कसलं? पीठ सैल झालं असेल तुझं."

डाळिंब काय, षड्ज काय, दोन्ही वाया.