लेन धरणारी गाडी: सव्वाचारशे किलोमीटरनंतर

पहाटे साडेपाचला निघालो. दोघं आलटून पालटून चालवणार होतो. गाडीतलं लेन असिस्ट, म्हणजे रस्त्यावरचे पट्टे बघून गाडीला आपल्या लेनमध्ये ठेवणारी सोय, तोवर कधी वापरलंच नव्हतं. आमच्या गाडीत ते ताशी ६० किलोमीटरच्या खाली जागंच होत नाही. हायवेला लागल्यावर डॅशबोर्डवरच्या दोन करड्या रेषा हिरव्या झाल्या आणि स्टिअरिंग हातातल्या हातात किंचित वळायला लागलं. शेजारच्याने गुपचूप बोट लावावं तसं.

निघण्याआधी आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते बघून घ्या. काही गाड्या पट्टा ओलांडताना नुसत्या वाजतात, काही कडेला गेल्यावर आत ढकलतात, काही सतत मधोमध ठेवतात. नावं इतकी सारखी की गोंधळ होतोच. आम्ही मॅन्युअल वाटेत थांबून वाचलं, शहाणपण तेवढंच.

पहिला दणका ट्रक ओलांडताना. इंडिकेटर न देता गाडी बाहेर काढली, तर स्टिअरिंगने उलटी ओढ घेतली. जोर फार नसतो, मनगटाने सहज मोडतो. पण दचकून माणूस गरजेपेक्षा जास्त वळवतो, भीती त्याची. इंडिकेटर दिला की ते गप्प बसतं. कडेच्या सायकलवाल्याला जागा द्यायला सरकतानाही तीच ओढ लागते, तेव्हा तिथे पकड घट्ट ठेवा.

पण ओढीपेक्षा मला जास्त घाबरवलं ते त्याच्या मुकाट्याने सोडून देण्याने. रस्त्याचं काम चालू होतं. जुने पांढरे पट्टे अर्धवट खरवडलेले, त्यांच्यावरून तिरके नवे पिवळे. गाडीने जुना पट्टा धरला आणि थेट शंकूंकडे निघाली. मी ओढून घेतली. पुढे पट्टेच संपले तेव्हा रेषा हिरव्याच्या करड्या झाल्या, बस. ना आवाज, ना काही. नजर समोर असेल तर ते कळतसुद्धा नाही. वळण तीव्र असलं किंवा सूर्य थेट समोर आला तरी हेच होतं. काम चालू असल्याची पाटी दिसली की बटण बंद, हा नियम आम्ही तिथेच केला.

हात स्टिअरिंगवरच हवेत. बऱ्याच गाड्यांना हात कळतो तो स्टिअरिंगवर पडणाऱ्या जोरावरून, म्हणून सरळ रस्त्यावर हलकेच धरलं तरी ‘स्टिअरिंग धरा’ अशी कुरकुर येते. त्यावर उपाय म्हणून, हात असल्याचं भासवायला स्टिअरिंगला बाटली अडकवण्याचे उद्योग करणारे आहेत. त्यांनी एवढं मोजावं: गाड्यांच्या स्टिअरिंगसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमात हात सुटल्यावर इशाऱ्याला १५ सेकंदांची मुभा आहे. ताशी १०० च्या वेगात तेवढ्या वेळात गाडी चारशे मीटरच्या पुढे गेलेली असते.

परतताना अंधार आणि पाऊस. ओल्या डांबरातले सांधे दिव्यांत पट्ट्यांपेक्षा जास्त चमकत होते आणि स्टिअरिंग मधूनच त्यांच्यामागे जायला बघायचं. शेवटचे साठ किलोमीटर ते बंद ठेवूनच आलो.

सकाळी काच पुसताना आरशामागे, लेन असिस्टसाठी पट्टे बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, एक चिलट वाळून चिकटलेलं सापडलं. वायपरचं पातं तिथवर नीट पोचतच नव्हतं. रात्रीच्या गोंधळात त्याचा वाटा किती, देव जाणे, पण आता निघण्याआधी तेवढा भाग हाताने पुसतो.